पुण्याला जायचं की जिल्ह्यातच राहायचं? पगारापलीकडचा हिशेब

“पोराला पुण्याला लावून द्या, कुठल्या तरी कंपनीत चिकटेल.” लातूर, बीड, परभणी, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातोय. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याचा भाचा चाकणला असतो आणि दिवाळीत नवी मोटरसायकल घेऊन आलेला असतो. गाडीचा हप्ता किती आणि महिन्याकाठी हातात उरतं किती, हे मात्र त्या भाच्याला कुणी विचारलेलं नसतं.

आयटीआय, डिप्लोमा किंवा बी.ए., बी.कॉम. करून जे यंदा हा निर्णय घेणार आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. जा किंवा जाऊ नका, असं मी सांगणार नाही. हिशेब कसा मांडायचा आणि गाडीत बसण्यापूर्वी कुणाला काय विचारायचं, एवढंच सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मराठवाड्यात किंवा विदर्भात काम कमी मिळतं याचं खापर तिथल्या पोरांच्या आळसावर फोडायची खोड आपल्याकडे जुनी आहे. कारखाने जिथे बंदर, रस्ता, वीज, पाणी आणि आधीचे कारखाने असतात तिथेच जातात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, त्यांच्यामागे सुटे भाग करणारे आले. त्या सुट्या भागांच्या भरवशावर पुढच्या गाडी कंपन्या चाकण, तळेगाव, रांजणगावला उतरल्या. एमआयडीसी १९६२ ची आणि उद्योगांना मागास तालुक्यांत नेण्यासाठी सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ ची. तिचा फायदा झालाच नाही असं नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला आणि औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, रूप पालटलं. पण सवलतीच्या जोरावर एक कारखाना आणता येतो, त्याच्याभोवतीचे दोनशे वर्कशॉप आणता येत नाहीत. दांडेकर समितीनं १९८४ साली प्रादेशिक विकासाचा अनुशेष मोजला, केळकर समितीनं २०१३ साली पुन्हा सगळा नकाशा मांडला. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. हे सगळं राजकारणाच्या फडात जरूर लढावं. पण तुमच्या नोकरीचा निर्णय अनुशेष भरून निघेपर्यंत थांबणार नाही.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न पाहून तिथला पगार ताडू नका. ते उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्यात झालेल्या उत्पादनाला लोकसंख्येनं भागून आलेली सरासरी. चंद्रपूरला वीज केंद्रं, कोळसा खाणी, सिमेंट आहे. तो आकडा फुगला म्हणून राजुऱ्याच्या किराणा दुकानातल्या पोराचा पगार वाढत नाही. बेरोजगारीच्या दराचं तर त्याहून विचित्र. सरकारी श्रमबल पाहणीत केरळचा दर मध्य प्रदेशापेक्षा कितीतरी जास्त येतो. म्हणजे मल्याळी माणसानं कामासाठी इंदूरला यावं का? घरच्या शेतात राबणारा बिनपगारी पोरगाही त्या पाहणीत ‘कामावर’ धरला जातो. वर्षभरात तीसेक दिवस जोडकाम केलं तरी माणूस बेरोजगारांच्या यादीतून बाहेर पडतो. ज्या घरात चूल पेटवण्यासाठी मिळेल ते काम करावंच लागतं तिथे बेरोजगारी कमीच दिसणार. चांगल्या नोकरीची वाट पाहत बसणं हीसुद्धा थोड्या बऱ्या घरांनाच परवडणारी गोष्ट आहे.

आता खिशाकडे येऊ.

चाकण किंवा रांजणगावच्या ‘कन्सल्टन्सी’कडून फोन येतो: “साडेएकवीस हजार पगार, कँटीन, बस.” हा साडेएकवीस कसा बनतो ते एकदा उलगडून बघा. समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १५,००० आणि घरभाडं व इतर भत्ते ४,०००, असा ठोक पगार १९,००० झाला. वरचे अडीच हजार म्हणजे मालकानं भरायचा पीएफ आणि ईएसआयचा वाटा. तो तुमच्या हातात कधीच येत नाही. १९,००० मधून तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० जातो. ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे १४३. व्यवसाय कर २०० (महिलांना २५,००० पर्यंत तो माफ आहे). हातात राहिले १६,८५७. कँटीनचे पैसे कापले तर त्याहून कमी. फोनवरचा साडेएकवीस आणि बँकेतला सोळा-सतरा यांत कुणी खोटं बोललेलं नसतं. तुम्ही ‘इन हॅण्ड किती?’ हे विचारलं नाही, एवढंच.

चौघांत खोली, वीज धरून २,५००. दोन वेळची मेस ३,५००. जाण्यायेण्याचे ८००. मोबाइल, साबण-तेल, चहा, आजारपण यांचे १,२००. गावाकडच्या खेपा वर्षाला चार धरा. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले तिकिटाचं काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा महिन्याकाठी ७०० बाजूला टाका. बेरीज ८,७००. शिल्लक ८,१५७.

आता जालन्याच्या सळईच्या कारखान्यात किंवा लातूरच्या एमआयडीसीत हातात १२,००० देणारी नोकरी घ्या. घरी राहून पेट्रोल १,५००, वरखर्च १,०००, घरात द्यायचे २,०००. उरले ७,५००. पगारात जवळपास पाच हजारांचा फरक होता, शिलकेत तो ६५७ रुपयांवर आला. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावच्या भावानं, तुमच्या सवयींनी ते बदलतील. तंबाखू-सिगारेट असेल तर आणखी एक ओळ वाढवा. पण ही मांडणी कागदावर केल्याशिवाय होकार देऊ नका.

यात कायद्याचाही एक गमतीशीर भाग आहे. राज्यातलं किमान वेतन बहुतेक उद्योगांत परिमंडळानुसार ठरतं. महापालिकांची हद्द पहिल्या परिमंडळात, नगरपालिका साधारण दुसऱ्यात, उरलेला भाग तिसऱ्यात. पहिल्या आणि तिसऱ्या परिमंडळाच्या मूळ दरांतलं अंतर दुकानं-आस्थापनांसारख्या क्षेत्रात महिन्याला हजाराच्या आसपास आहे. खोलीभाड्यातलं अंतर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे किमान वेतनावरच काम करायचं असेल तर मोठ्या शहरात जाणं हा बहुधा तोट्याचा व्यवहार ठरतो. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. आपल्या उद्योगाचा चालू दर कामगार विभागाच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. गावाकडच्या अनेक दुकानांत नि छोट्या कारखान्यांत तिसऱ्या परिमंडळाचा दरही मिळत नाही, हेही खरं. तेव्हा तुलना करताना दोन्ही ठिकाणच्या खऱ्या पगारांची करा.

वरच्या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम सोडली होती, ती आता घेतो. ब्रेक. औद्योगिक पट्ट्यातल्या पोरांच्या तोंडी हा शब्द चहाइतका सराईत आहे. वर्षभरात २४० दिवस सलग नोकरी झाली की कामगाराला काही हक्क चिकटतात. म्हणून अनेक ठिकाणी सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात आणि पुन्हा दुसऱ्या गेटवर उभं राहावं लागतं. ब्रेक दीड महिन्याचा झाला तर वर्षाच्या कमाईतून पंचवीस हजार गेले. खोलीभाडं आणि मेस चालूच. मग ती ६५७ रुपयांची आघाडी कुठल्या कुठे जाते आणि जालना पुढे निघतं. म्हणून पगाराच्या आधी विचारायचा प्रश्न हा: “मी कंपनीच्या रोलवर आहे, ठेकेदाराकडे आहे, ट्रेनी आहे की अप्रेंटिस? किती महिन्यांसाठी? नंतर काय?” उत्तर ‘बघू, काम चांगलं केलं तर घेतात’ असं आलं, तर ते नाहीच असं समजून हिशेब करा.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग पुण्याला जायचंच कशाला? जायचं ते दुसऱ्या नोकरीसाठी. पुणे, नाशिक, वाळूज यांसारख्या ठिकाणांची खरी किंमत पहिल्या पगारात नसते. सीएनसी किंवा व्हीएमसी मशीन चालवणारा पोरगा भोसरीत एका शॉपमधून निघाला, तर चालत जाण्याच्या अंतरावर तेच मशीन असलेली पन्नास शॉप सापडतात. मालक अडून बसला तर तो दुसरं दार ठोठावू शकतो, आणि मालकालाही हे माहीत असतं. पगार तिथे या ठोठावण्यानं वाढतो. तालुक्याच्या गावी एकच सूतगिरणी, एकच साखर कारखाना असेल, तर तुमचं कौशल्य कितीही असो, विकत घेणारा एकटाच. तो म्हणेल तो भाव.

यातून माझं सरळ मत असं आहे: हातात काही हुन्नर नसेल आणि तिकडे जाऊन शिकायचाही बेत नसेल, तर ‘हेल्पर’ म्हणून पुण्याला जाऊन फारसं काही साधत नाही. हेल्पर चाकणलाही हेल्परच राहतो आणि वर भाडं भरतो. पण वेल्डर, फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय किंवा गुणवत्ता तपासणीचं काम येत असेल, नाहीतर शिकायला मिळणार असेल, तर पहिली दोन वर्षं शिल्लक कमी पडली तरी जावं. दोन वर्षांनी हातात काय लेखी राहील, ते आधी विचारा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षेचं प्रमाणपत्र मिळत असेल, तर कमी विद्यावेतनही सोसावं. नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून लाइनवर उभं करून नट आवळून घेणार असतील, तर ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्त मजुरी आहे.

आणि मोठी बाजारपेठ म्हणजे फक्त पुणे नव्हे. हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात फाउंड्रींची दाटी आहे. मोल्डिंग, पॅटर्न, मशिनिंग जाणणाऱ्याला तिथे गेटामागून गेट सापडतं आणि राहणं पुण्यापेक्षा स्वस्त पडतं. नाशिकच्या सातपूर-अंबडला विजेच्या उपकरणांचा आणि इंजिनिअरिंगचा जुना गोतावळा आहे. नागपूरच्या बुटीबोरी-हिंगण्यात कारखाने, तर मिहानमध्ये आयटीपासून विमान देखभालीपर्यंतची कामं आहेत. वर्धा-अमरावतीच्या मुलानं आधी हे दार ठोठावावं. रात्रभर प्रवास करून पुणं गाठायची घाई कशाला? मराठवाड्यासाठी वाळूज, शेंद्रा, चितेगाव जवळ आहेत आणि शनिवारी रात्री घरी पोहोचता येतं. घरी पोहोचता येणं ही पैशात मांडता येणारी गोष्ट आहे: पेरणीच्या दिवसांत घरी एक माणूस कमी असला तर मजूर लावावा लागतो.

बिडकीनला मोठे प्रकल्प येणार, गडचिरोलीत कोनसरीला पोलाद होणार, अशा बातम्या वाचून थांबायचं का, असाही प्रश्न येतो. कोनसरी-सुरजागडला काम प्रत्यक्ष सुरू आहे, त्यामुळे तिथली भरती बघावीच. पण साधारण नियम म्हणून लक्षात ठेवा: सामंजस्य करार झाला म्हणजे भरती निघाली असं नसतं. करार, मग जमिनीचा ताबा, मग बांधकाम, मग मशिनरी, मग कुठे माणसं. यात वर्षं जातात, आणि काही करार फोटोपुरतेच उरतात. बांधकामाचे खांब उभे दिसू लागले आणि कंपनीनं जवळच्या आयटीआयशी बोलणी सुरू केली, की तुमचा ट्रेड निवडण्याची वेळ झाली. त्याआधी नुसत्या बातमीवर वय घालवू नका.

लग्न झालेल्यांनी हिशेब घराचा करावा, एकट्याचा नको. गावाकडे बायको निंदणी-खुरपणीला, कापूस वेचणीला जाते, शेळ्या-म्हशीचं बघते, घरचं धान्य असतं. ते कुठल्याच पगारपत्रकावर नसल्यामुळे आपण ते शून्य धरतो. बिऱ्हाड भोसरीत हललं की हे सगळं उत्पन्न एका दिवसात थांबतं आणि खोली मात्र चौघांत वाटून घेता येत नाही. तिला तिथे काम मिळेल का, मुलं सांभाळायला कोण, हे ठरल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नका. पहिलं वर्ष एकट्यानं जाऊन पाहणं बरं. त्यात संसाराची ओढाताण होते, तो खर्च कागदावर येत नाही, हेही मान्य.

बीड, जालना, अहिल्यानगरच्या काही भागांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे जो लोंढा निघतो, त्याचा हिशेब तर निराळाच. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, आणि पुढचे चार-पाच महिने ती फेडण्यात जातात. इथे दर टनाला किती, यापेक्षा उचल किती, ती कशी फिटली याची नोंद कुणाकडे, हा प्रश्न मोठा. वही फक्त मुकादमाकडे असेल तर हंगामाच्या शेवटी बाकी निघणारच. रोजच्या टनांची नोंद आपल्याही मोबाइलमध्ये ठेवा, वजनाच्या पावतीचा फोटो काढा. पोराला शाळेतून काढून सोबत नेण्याआधी हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करा. आणि घरात कुणी आयटीआयला जाण्याच्या वयाचं असेल, तर त्याला कोयत्यावर नेऊ नका. एवढी एक गोष्ट मी हट्टानं सांगेन.

गेलातच, तर कागद सांभाळा. पीएफचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. ठेकेदार बदलला की तो नवा क्रमांक काढायला बघतो, तेव्हा जुनाच द्या. दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडून पैसे भरलेत का ते बघा. पगारातून कापलेला पीएफ खात्यात न पोहोचणं हा या पट्ट्यातला नेहमीचा रोग आहे. ब्रेक मिळाला की हात अडचणीत असतो आणि पेन्शनसकट सगळा पैसा काढून घ्यायचा मोह होतो. पण पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि पेन्शनचे पैसे काढले की तोवरची वर्षं पुसली जातात. पैसे नव्या खात्यात वळवलेत तर ती जोडली जातात. सात-सात महिन्यांचे तुकडेही असे जुळून येतात.

ईएसआयची मर्यादा महिना २१,००० आहे. तुम्ही तीत बसत असाल तर ईएसआय कार्डवर आईवडिलांची, बायकामुलांची नावं नियमात बसतील तशी चढवून घ्या. गावाकडच्या माणसाच्या ऑपरेशनच्या वेळी त्याची किंमत कळते. रेशनकार्ड एकाच गावाला बांधलेलं राहिलेलं नाही. तुमच्या वाट्याचं धान्य तुम्ही पुण्यातल्या दुकानात आधारवर उचलू शकता आणि उरलेलं कुटुंब गावी उचलतं. दुकानदार नाही म्हणाला तरी पॉस मशीनवर अंगठा लावून बघण्याचा आग्रह धरा. गेटपास, युनिफॉर्म, सेफ्टी शूज, ‘फाइल चार्ज’ अशा नावांखाली रोख मागणाऱ्याला पैसे देऊ नका. कंपनीच्या गेटवर जाऊन सिक्युरिटीला विचारलंत तरी त्या कन्सल्टन्सीचं नाव खरं की खोटं ते पाच मिनिटांत कळतं.

नियुक्तिपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकाचं कर्तव्य आहे. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा. ‘इथे सिंगलच देतात’ असं सांगितलं गेलं तर निदान ते जाणून घेऊन हिशेब करा. पगारपत्रक मिळत नसेल तर बँकेतल्या जमेचे मेसेज खोडू नका, हजेरी कार्डाचा फोटो दर महिन्याला काढून घरी एकाला पाठवून ठेवा. ठेकेदारानं पगार बुडवला आणि फोन बंद केला, तर ज्या कंपनीत तुम्ही काम करत होता ती मूळ कंपनीही कायद्यानं त्या पगाराला जबाबदार असते. तक्रार तिथल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्यायची. पोच घ्यायची, आणि अर्जात ठेकेदाराच्या बरोबरीनं मूळ कंपनीचं नाव, गेट नंबर आणि तुमची शिफ्ट लिहायची.